व्हॅक्युम आर्कमध्ये कॉन्टॅक्टचं नेमकं काय होतं? कॅथोड, ॲनोड आणि तो वितळलेला डाग

प्रश्न थोडक्यात असा आहे. 12 केव्ही ब्रेकरमधली (फॉल्ट म्हणजे शॉर्ट सर्किट झालं की करंट तोडणारा स्विच) एक जुनी व्हॅक्युम बॉटल, म्हणजे ज्या बंद, हवा काढलेल्या नळीत कॉन्टॅक्ट उघडतात ती, कापून बघितली. दोन्ही कॉन्टॅक्ट एकाच मटेरियलचे, एकाच साइजचे, तरी एक सगळीकडून सारखा राखाडी, मॅट दिसतोय आणि दुसऱ्यावर एका बाजूला वितळून गोठलेला मोठा डाग आहे. असं का? आत हवाच नाही तर आर्क जळतो कशात? झिजतं कोण, कॅथोड की ॲनोड? आणि ही बॉटल अजून चालली असती का?

आधी थेट उत्तर देतो. करंट कमी असतो तोवर सगळं काम कॅथोड (इलेक्ट्रॉन सोडणारा कॉन्टॅक्ट) करतो, ॲनोड (ते गोळा करणारा) नुसता बघ्या असतो. करंट एका हद्दीच्या पुढे गेला की ॲनोडही आर्कमध्ये उतरतो आणि खरी डोकेदुखी तिथून सुरू होते. तुमचा तो डाग बहुतेक ॲनोड स्पॉटचा आहे, म्हणजे शेवटच्या एखाद्या मोठ्या फॉल्टला त्या हाफ सायकलमध्ये तो कॉन्टॅक्ट ॲनोड होता. बाकीचं सविस्तर सांगतो, कारण हे नीट कळलं तर बॉटलचं अर्धं डिझाइन आपोआप कळतं.

हवेतल्या आर्कमध्ये जळायला हवा असते, एसएफ6 मध्ये तो गॅस असतो. चांगल्या बॉटलमध्ये प्रेशर 10⁻⁴ मिलीबारपेक्षाही खूप खाली असतं, आणि 10⁻⁴ ला सुद्धा हवेचा एक रेणू दुसऱ्याला धडकायच्या आधी अर्धा मीटरपेक्षा जास्त अंतर जातो. 12 केव्हीच्या बॉटलमध्ये कॉन्टॅक्टमधली गॅप साधारण 8 ते 12 मिमी. म्हणजे गॅपमध्ये धडकायला काही नाहीच. मग आर्कला लागणारी वाफ येते कुठून, तर इलेक्ट्रोडमधूनच. व्हॅक्युम आर्क हे नाव तसं फसवंच आहे, कारण जळतो तो धातूच्या वाफेचा आर्क, आणि ती वाफ आर्क स्वतःच मिनिटामिनिटाला नव्हे तर मायक्रोसेकंदा-मायक्रोसेकंदाला तयार करत असतो. वाफ थांबली की आर्क संपला.

सुरुवात कशी होते ते बघा. कॉन्टॅक्ट उघडायला लागतात तेव्हा दाब कमी होत जातो, टेकलेले पॉइंट एकेक करून सुटतात, आणि शेवटी सगळा करंट एकदोन बारीक जागांतून जायला लागतो. तांब्यासाठी अशा जागेवर व्होल्टेज ड्रॉप फक्त 0.43 व्होल्टच्या आसपास गेला की ती जागा वितळते. मग वितळलेल्या धातूचा बारीक पूल दोन्ही कॉन्टॅक्टमध्ये ताणला जातो, तापतो, उकळतो आणि फुटतो. तो फुटला की त्याच्या वाफेत आर्क पेटतो. करंट असताना कॉन्टॅक्ट उघडले की हे होणारच, त्याला कुठलंही डिझाइन टाळू शकत नाही.

आता कॅथोड. आर्क पसरला की कॅथोडवर बारीक बारीक झगमगणारे ठिपके दिसतात, त्यांना कॅथोड स्पॉट म्हणतात. तांब्याच्या एका स्पॉटमधून साधारण 100 अँपिअरपर्यंत करंट जातो, त्याच्यावर गेलं की स्पॉट फुटून दोन होतात, म्हणजे 10 केएचा (किलोअँपिअर) आर्क असेल तर एका वेळी शंभरेक स्पॉट कॅथोडभर फिरत असतात. प्रत्येकाची प्रत्यक्ष पेटलेली जागा काही मायक्रॉनची, त्यामुळे तिथली करंट डेन्सिटी भयंकर, दर चौरस मीटरला 10¹⁰ ते 10¹² अँपिअरच्या घरात. एवढ्याशा जागेत धातू वितळतो, उकळतो आणि अक्षरशः स्फोट झाल्यासारखा उडतो. खड्डा पडला, तापलेली जागा पसरली, करंट डेन्सिटी उतरली की तो स्पॉट विझतो आणि शेजारीच नवा पेटतो. एका खड्ड्याचं आयुष्य नॅनोसेकंदात मोजायचं. आपल्याला स्पॉट "फिरतोय" असं जे दिसतं ते खरं म्हणजे शेजारी-शेजारी मरणं आणि जन्मणं असतं.

मायक्रोस्कोपखाली हे फार छान दिसतं. तुमच्या त्या मॅट कॉन्टॅक्टचा एक तुकडा घ्या आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप मिळत असेल तर त्याखाली टाका. नुसत्या डोळ्यांना जो राखाडी मॅट फिनिश वाटतो तो म्हणजे एकमेकांवर चढलेले हजारो खड्डे असतात, प्रत्येकाची कड वर उचललेली, आणि कडेला गोठलेले बारीक थेंब, काही तर उडता उडताच गोठलेले, शेपटी काढून. हे थेंब सरळ वर कमी उडतात, बहुतेक कॅथोडच्या पृष्ठभागाला लागून, 10 ते 30 अंशांच्या कोनात सुटतात, डबक्यात पाय आपटल्यावर पाणी कडेकडेने उडतं तसे. म्हणून शिल्डवर (कॉन्टॅक्टभोवतीचं धातूचं नळकांडं) कॉन्टॅक्टच्या लेव्हलला धातूचा थर सगळ्यात जाड सापडतो.

थेंबांबरोबर आयनही निघतात, आणि ते मात्र समोर जातात. इथे जरा थांबून विचार करण्यासारखी गोष्ट आहे. आयन पॉझिटिव्ह, ते कॅथोडकडे ओढले जायला हवेत, पण इथे ते कॅथोडवरून सुटून ॲनोडकडे पळतात, तेही सेकंदाला 10 किमीच्या वरच्या वेगाने. 1930 साली टॅनबर्ग यांनी कॅथोडवर पडणारा उलटा धक्का मोजून वाफेचा हा वेग काढला होता. आयनची एनर्जी आर्कच्या 20 व्होल्टच्या हिशोबापेक्षाही जास्त भरते. कारण स्पॉटच्या तोंडाशी प्लाझ्माचं प्रेशर प्रचंड असतं, तो बाहेर फुटताना आयनांना बरोबर ढकलत नेतो, आणि जोरात पळणाऱ्या इलेक्ट्रॉनांचा धक्काही त्यांना मिळतो. एकूण आर्क करंटच्या 8 ते 10 टक्क्यांएवढा हा आयनांचा उलटा प्रवाह असतो, बाकी सगळं काम इलेक्ट्रॉन करतात.

दुसरी गंमत म्हणजे स्पॉटची दिशा. एकाच दिशेने करंट जाणाऱ्या दोन समांतर तारा एकमेकींना ओढतात हे आपण शाळेत शिकलो, पण कॅथोड स्पॉट मात्र एकमेकांपासून लांब पळतात. आडव्या मॅग्नेटिक फील्डमध्ये तारेवर ज्या दिशेने बल लागलं असतं त्याच्या बरोबर उलट्या दिशेला स्पॉट सरकतो. ही उलटी चाल श्टार्क यांनी 1903 मध्येच नोंदवली होती, आणि तिच्या कारणावर आजही लोक एकमेकांशी वाद घालतात. पण आपल्याला फायदाच आहे, कारण त्यामुळे स्पॉट जिथे कॉन्टॅक्ट सुटले तिथून रिंगसारखे बाहेर पसरतात, उष्णता कॉन्टॅक्टभर वाटली जाते, आणि कॅथोड कुठेच खोलवर वितळत नाही. तुमचा मॅट कॉन्टॅक्ट एवढा सारखा दिसतोय त्याचं कारण हेच.

मग झिजतं किती? तांब्याच्या कॅथोडसाठी ढोबळ आकडा दर कूलॉमला 100 मायक्रोग्रॅमच्या आसपास धरतात, थेंब धरून. करून बघू: 20 केए आरएमएसचा एक हाफ सायकल, 50 हर्ट्झ, म्हणजे 10 मिलिसेकंद, चार्ज साधारण 180 कूलॉम, म्हणजे 18 मिलिग्रॅम, म्हणजे 2 घन मिमी तांबं. 50 मिमी व्यासाच्या कॉन्टॅक्टवर हे पसरलं तर थर निघतो 1 मायक्रॉनचा! त्यातही बराचसा धातू समोरच्या कॉन्टॅक्टवर जाऊन बसतो, आणि एसीमध्ये पुढच्या वेळी रोल उलटा झाला की तिकडून इकडे येतो, त्यामुळे नेट झीज आणखी कमी. (हा हिशोब आर्क पसरलेला राहिला तरच, हे लक्षात ठेवा.) नेहमीचा लोड करंट तोडून बॉटल हजारो ऑपरेशन जाते ती याच जोरावर.

तर "कॅथोड झिजतो की ॲनोड" याचं उत्तर: पसरलेल्या आर्कमध्ये कॅथोड झिजतो आणि ॲनोडवर धातू साचतो. डीसीवर किंवा कोटिंगच्या मशिनमध्ये हे स्पष्ट दिसतं, तिथे टायटॅनियमचा कॅथोड मुद्दामच उडवून पार्टवर बसवतात, आणि हेच थेंब तिथे कोटिंग खराब करतात म्हणून प्लाझ्मा वाकड्या पाइपमधून वळवून नेतात, आयन वळतात, थेंब भिंतीला धडकून तिथेच राहतात. एसी ब्रेकरमध्ये मात्र कोण कधी कॅथोड होईल ते फॉल्ट कुठल्या क्षणी तुटला त्यावर ठरतं, त्यामुळे लांबच्या हिशोबात दोन्ही कॉन्टॅक्ट सारखे झिजायला हवेत. नसतील झिजले तर कारण शोधायचं.

आता ॲनोडकडे येऊ, कारण तुमचा खरा प्रश्न तोच आहे. पसरलेल्या आर्कमध्ये ॲनोड इलेक्ट्रॉन गोळा करतो, तापतो, पण सगळ्या अंगाने सारखा, आणि त्याच्यातून वाफ निघत नाही. करंट वाढवत नेला की दोनतीन गोष्टी एकदम होतात. आर्कच्या स्वतःच्या मॅग्नेटिक फील्डने प्लाझ्मा आत आवळला जातो. कॅथोडकडून येणारे आयन ॲनोडच्या सगळ्या भागापर्यंत पुरत नाहीत, तिथे चार्ज कॅरियरचा दुष्काळ पडतो, मग करंट टिकवायला ॲनोडजवळचा व्होल्टेज ड्रॉप वाढतो, इलेक्ट्रॉन जास्त जोरात आपटतात, ॲनोड एका जागी जास्त तापतो, तिथून वाफ निघते, ती वाफ आयनाइझ होऊन नेमका तिथलाच दुष्काळ मिटवते, म्हणून सगळा करंट त्याच जागेकडे धावतो आणि ती जागा अजून तापते. एकदा हे चक्र लागलं की करंट कमी होईपर्यंत सुटत नाही. यालाच ॲनोड स्पॉट म्हणतात. कॅथोड स्पॉट मायक्रॉनमधला आणि नॅनोसेकंदाचा, तर हा चांगला सेंटिमीटरभराचा, एका जागी ठाण मांडून बसलेला, उकळत्या धातूचा पूल. आर्क व्होल्टेजही वर चढतो आणि खडबडीत होतो, 20-30 व्होल्टवरून कधी कधी 100 च्या वर, आणि ऑसिलोग्राम बघणाऱ्याला आर्क आवळला हे तिथेच कळतं, कॅमेरा लागत नाही.

हद्द किती? एक आकडा सांगता येत नाही. छोट्या साध्या बट (सपाट तोंडाच्या) कॉन्टॅक्टला 10 केएच्या आसपास धोका सुरू होतो असं धरून चालतात, पण ते व्यास, गॅप, मटेरियल आणि करंट किती वेगाने चढतो यावर हलतं. व्यास मोठा केला तर हद्द वर जाते. गॅप वाढवली तर खाली येते, हे नवीन लोकांना पटत नाही, त्यांना वाटतं जास्त गॅप म्हणजे जास्त सेफ. इन्सुलेशनला हो, पण आर्क चालू असताना जास्त गॅप म्हणजे कॅथोडचे आयन वाटेत बाजूला सांडणार आणि ॲनोड उपाशी राहणार. म्हणून ओपनिंग स्पीड "जितका जास्त तितका बरा" नसतो. मेकॅनिझमची ॲडजस्टमेंट करताना ठरलेल्या बँडच्या बाहेर स्पीड नेणाऱ्यांना माझं हेच सांगणं असतं.

पण पूल तयार झाला म्हणून बिघडलं काय, असं कोणी विचारेल. बिघडतं ते करंट झिरोला, म्हणजे हाफ सायकल संपताना एसी करंट शून्यावर येतो त्या क्षणी. पसरलेल्या आर्कमध्ये करंट उतरत आला की स्पॉट एकेक करून विझतात, झिरोला शेवटचा विझतो, गॅपमधला उरलेला प्लाझ्मा काही मायक्रोसेकंदांत भिंतींवर जाऊन बसतो आणि गॅप परत व्हॅक्युम. पण ॲनोडवर पूल असेल तर तो पूल झिरोला थंड व्हायला तयार नसतो, त्याला मिलिसेकंद लागतात. तांबं 1850 केल्विनला असेल तर त्याच्या वाफेचं प्रेशर 100 पास्कल म्हणजे 1 मिलीबार असतं, बॉटलच्या मूळ प्रेशरच्या निदान दहा हजार पट, आणि त्यावर झिरोनंतर लगेच टीआरव्ही (करंट तुटल्यावर गॅपवर उसळणारा व्होल्टेज) चढायला लागतो. शिवाय रोल उलटा झालाय, कालचा ॲनोड आता कॅथोड, म्हणजे इलेक्ट्रॉन सोडायचं काम नेमकं त्या गरम, वाफाळत्या पूलकडे आलं. तिथे नवा स्पॉट पेटायला फारसं निमित्त लागत नाही. गॅप परत पेटते, पुढचा हाफ सायकल फुल करंटने जातो, आणि तो अजून मोठा पूल करतो.

म्हणून बॉटलचं डिझाइन म्हणजे मुख्यतः ॲनोडला या भानगडीपासून लांब ठेवणं. त्याचे दोन रस्ते आहेत. एक, आर्क आवळला तर आवळू दे पण एका जागी बसू द्यायचा नाही: स्पायरल किंवा कपच्या आकाराचे खाचा पाडलेले कॉन्टॅक्ट, करंटच्या वाटेमुळे आडवं फील्ड तयार होतं आणि आवळलेला आर्क कडेने सेकंदाला शेकडो मीटरच्या वेगाने गरगर फिरतो. दुसरा, आवळूच द्यायचा नाही: कॉन्टॅक्टच्या मागे कॉइलसारखी रचना करून गॅपच्या दिशेने उभं फील्ड द्यायचं, इलेक्ट्रॉन त्या फील्डला धरून सरळ जातात, आर्क मोठ्या करंटलाही पसरलेला राहतो. दुसरा रस्ता कॉन्टॅक्टला जास्त सौम्य, पण कॉइलचा रेझिस्टन्स वाढतो आणि प्लेटमध्ये एडी करंट फिरून झिरोलाही थोडं फील्ड शिल्लक राहतं, जे प्लाझ्माला धरून ठेवतं, म्हणून प्लेटलाही खाचा द्याव्या लागतात. पहिल्यात रचना सोपी, पण खाचांच्या कडा वितळून गोल होतात. माझा कल मोठ्या फॉल्ट करंटला उभ्या फील्डकडे आहे, पण स्पायरलच्या बॉटल जगभर वर्षानुवर्षं व्यवस्थित चालतायत हेही खरं.

मटेरियलबद्दल थोडंच. शुद्ध तांबं करंट छान नेतं पण व्हॅक्युममध्ये चिकटतं, कारण ऑक्साइडचा थर नसतो आणि स्वच्छ धातू स्वच्छ धातूला वेल्ड होतो. आणि त्याचा चॉपिंग करंटही जास्त, दहापंधरा अँपिअर, म्हणजे झिरोच्या आधीच शेवटचा स्पॉट पटकन विझतो आणि मोटर-ट्रान्सफॉर्मरला सर्ज बसतो. कॉपर-क्रोममध्ये हा आकडा 3 ते 5 अँपिअरपर्यंत येतो, वेल्ड झालंच तर ठिसूळ असतं आणि तुटतं, आणि क्रोमची वाफ आतला उरलासुरला ऑक्सिजन पकडून ठेवते. याचा सेक्शन पॉलिश करून बघितला तर खाली क्रोमचे मोठे दाणे तांब्यात रुतलेले दिसतात, आणि अगदी वर काही दहा मायक्रॉनचा एक वेगळाच थर, त्यात क्रोम इतकं बारीक विखुरलेलं की दाणे ओळखूच येत नाहीत. आर्कने वितळून झटक्यात गोठलेला थर तो. व्होल्टेज सहन करायला मूळ मटेरियलपेक्षा तो चांगला असतो, म्हणजे थोडं आर्किंग कॉन्टॅक्टला सुधारतं, आणि कारखान्यात बॉटल कंडिशन करतात ती याच कारणाने.

तर तुमच्या बॉटलकडे. तो डाग नीट बघा. पूलची कड गुळगुळीत, मध्ये खोलगट, आणि धातू एका बाजूला ढकलल्यासारखा असेल तर ॲनोड स्पॉटच. समोरच्या कॉन्टॅक्टवर त्याच जागी दाट खड्डे आणि ॲनोडवरून उडून बसलेला चकचकीत थर दिसेल. डागाच्या जागी मधोमध तुटल्यासारखा खरबरीत भाग असेल तर तो डाग आर्कचा नसून क्लोज करतानाच्या वेल्डचा आहे, तेव्हा मेकॅनिझमचा बाउन्स आणि कॉन्टॅक्ट प्रेशर तपासा. डाग कायम एकाच बाजूला पडत असेल, दुसऱ्या फेजच्या बॉटलमध्येही तसाच, तर बॉटलला दोष देण्याआधी अलाइनमेंट आणि शेजारच्या बसबारची मांडणी बघा, शेजारच्या फेजचं फील्डही आर्कला एका बाजूला ओढतं.

चालली असती का? नुसत्या डागावरून नापास करता येत नाही. पूल गोठून गुळगुळीत झालेला असतो, आणि पुढच्या कमी करंटच्या ऑपरेशनांमध्ये स्पॉट त्याच्यावरून फिरून तो साफही करतात. मी कापायच्या आधी तीन गोष्टी बघितल्या असत्या: झिजेची खूण मेकरने दिलेल्या लिमिटमध्ये आहे का, कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स बाकीच्या दोन फेजच्या आसपास आहे का, आणि ओपन गॅपवर हायपॉट (जास्त व्होल्टेज लावून करायची टेस्ट) धरते का. हायपॉट शक्यतो एसीने करा. डीसीने केली तर एका पोलॅरिटीत कॅथोडवर टोकदार थेंब आला की चांगली बॉटलही करंट दाखवते, आणि उलट पोलॅरिटीत तीच पास होते. पहिल्या एकदोन वेळा गॅप ठिणगी मारून सावरली आणि मग व्होल्टेज धरलं तर घाबरू नका, टोकं जळून जातायत. व्होल्टेज चढवलं की प्रत्येक वेळी त्याच खालच्या लेव्हलला कोसळत असेल तर मात्र व्हॅक्युम गेलाय, मग कॉन्टॅक्ट आरशासारखे असले तरी काही उपयोग नाही. आणि टेस्ट करताना ठरलेल्या व्होल्टेजच्या वर जाऊ नका, अंतर ठेवा, कारण उघड्या गॅपवर जास्त व्होल्टेज म्हणजे इलेक्ट्रॉन ॲनोडवर आपटून एक्स-रे निघतात.

कापलेली बॉटल अजून ठेवली असेल तर शिल्डही फेकू नका. आतला थर गोल फिरवून बघा: सगळीकडे सारखा असेल तर आर्क आयुष्यभर पसरलेला होता, आणि डागाच्या समोरच एका पट्ट्यात जाड असेल, शिल्डला वितळल्याच्या खुणा असतील, तर तो एकच फॉल्ट रेटिंगच्या जवळपास किंवा वर गेला होता. रिलेचा इव्हेंट रेकॉर्ड काढून करंट किती होता ते ताडून बघा.